भारतीय फुटबॉल संघ नेमका कुठे उभा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिफाची नवी क्रमवारी आली किंवा भारत एखादा सामना हरला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे आणि अपवादाचे नंतर. एकाच गोष्टीची पुनरावृत्ती नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंतचे आहेत.

१. फिफा क्रमवारीत भारत कितवा आहे?

नोव्हेंबर २०२५ च्या यादीत पुरुष संघ १४२ वा आहे. जुलै २०२३ मध्ये हाच संघ ९९ वा होता. सव्वादोन वर्षांत त्रेचाळीस पायऱ्या खाली, आणि हे एका रात्रीत झालेले नाही. सर्वात मोठी उडी खालच्या दिशेने फेब्रुवारी २०२४ मध्ये पडली. कतारमधल्या आशियाई चषकात तिन्ही सामने गमावल्यावर भारत १०२ वरून थेट ११७ वर आला.

२. आजवरचा सर्वात वरचा आणि सर्वात खालचा क्रमांक कोणता?

वरचा ९४, फेब्रुवारी १९९६ मध्ये. खालचा १७३, मार्च २०१५ मध्ये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही क्रमवारी १९९२ च्या अखेरीस सुरू झाली. भारतीय फुटबॉलचा खरा सुवर्णकाळ १९५१ ते १९६२ असा होता, म्हणजे तो या यादीत कुठेच नाही. ‘भारताचा सर्वोत्तम क्रमांक ९४’ हे वाक्य खरे आहे, पण भारतीय संघ कधीकाळी आशियात पहिल्या दोन-तीनांत होता हे त्यातून कळत नाही.

३. गुण कसे मोजतात? जिंकूनही नंबर खाली कसा जातो?

ऑगस्ट २०१८ पासून पद्धत अशी आहे: सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतला फरक बघून निकालाची ‘अपेक्षा’ काढली जाते. प्रत्यक्ष निकाल त्या अपेक्षेपेक्षा चांगला लागला तर गुण वाढतात, वाईट लागला तर घटतात. किती वाढतात किंवा घटतात ते सामन्याच्या वजनावर ठरते. फिफाच्या ठरलेल्या तारखांबाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन ५, त्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे १०, विश्वचषक किंवा आशियाई चषकाच्या पात्रता सामन्याचे २५, प्रत्यक्ष आशियाई चषकातल्या साखळी सामन्याचे ३५, आणि विश्वचषकात ५० ते ६०.

उदाहरण घेऊ. समजा, आपले १२०० गुण आहेत, समोरच्या संघाचे ११०० आणि सामना पात्रता फेरीचा आहे. जिंकलो तर साधारण १० गुण मिळतात. हरलो तर जवळपास १५ जातात. बरोबरी झाली तरी दोन-अडीच गुण जातात, कारण आपण जिंकणे अपेक्षित होते. बांगलादेशाशी शिलाँगला झालेली ०-० बरोबरी किंवा अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत झालेला १-२ पराभव एवढा महागात का पडतो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

जिंकूनही नंबर खाली जाण्याचे कारण साधे आहे: त्याच काळात मागच्या संघांनी आपल्यापेक्षा जास्त गुण कमावलेले असतात. पुरुषांच्या क्रमवारीत किती गोलांनी जिंकलो आणि सामना घरच्या मैदानावर होता की बाहेर, याचा काहीही परिणाम होत नाही. ४-० आणि १-० सारखेच.

४. मग तगड्या संघांशी भरपूर मैत्रीपूर्ण सामने खेळून क्रमवारी सुधारता येईल का?

नुसत्या क्रमवारीसाठी फार फायदा नाही. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन १०, आणि तगड्या संघाकडून हरलो तर एखाद-दोन गुणच जातात. म्हणजे भीतीचेही कारण नाही. २०१८ पूर्वी चार वर्षांची सरासरी काढली जायची. तेव्हा मैत्रीपूर्ण सामने टाळून क्रमांक राखण्याची युक्ती काही देश वापरत. आता सामना न खेळल्याने काही मिळत नाही आणि काही जातही नाही.

खेळाडू घडवण्यासाठी मात्र असे सामने हवेतच. आपल्यापेक्षा पन्नास-साठ क्रमांकांनी वरच्या संघासमोर नव्वद मिनिटे बचाव करणे हे शिक्षण मालदीवला हरवून मिळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की यादीतला आकडा सांभाळण्यासाठी सोपे प्रतिस्पर्धी बोलावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. वजन २५ चा एक पात्रता सामना गमावला की तशा कित्येक विजयांची कमाई वाहून जाते.

५. क्रमवारीचा प्रत्यक्ष उपयोग काय?

ड्रॉ, म्हणजे गट ठरवण्याची सोडत काढताना. पात्रता फेरीत संघांना क्रमवारीनुसार वेगवेगळ्या पॉटमध्ये ठेवतात, सर्वात वरचे पहिल्या पॉटमध्ये, आणि प्रत्येक पॉटमधून एक संघ गटात येतो. २०२३ मध्ये चांगल्या क्रमांकामुळे भारताला २०२६ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दुसरा पॉट मिळाला. २०२७ च्या आशियाई चषकाच्या शेवटच्या पात्रता फेरीत तर पहिला पॉट मिळाला. पुढे काय झाले ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. १९५० च्या विश्वचषकात बूट नसल्यामुळे आपल्याला खेळू दिले नाही, हे खरे आहे का?

नाही, निदान तेच कारण होते असे म्हणता येत नाही. पात्रता गटातल्या बर्मा, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया यांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता ब्राझीलचे तिकीट मिळाले होते. गटही ठरला होता: इटली, स्वीडन आणि पराग्वे. पण भारत गेलाच नाही. तेव्हा आपल्या महासंघाच्या लेखी विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठे होते. लांबचा समुद्रप्रवास, सरावासाठी अपुरा वेळ आणि संघनिवडीवरचे मतभेद ही कारणेही त्या काळच्या लोकांनी सांगितली आहेत.

अनवाणी खेळण्याची गोष्ट मात्र खरी आहे, ती १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची. तिथे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे निसटते हरले. दोन पेनल्टी वाया गेल्या, नाहीतर निकाल वेगळा लागला असता. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरवल्यावर महासंघाने बूट सक्तीचे केले.

७. म्हणजे भारत विश्वचषकात कधीच खेळलेला नाही?

वरिष्ठ पुरुष संघ कधीच नाही. १७ वर्षांखालील मुलांचा संघ २०१७ मध्ये यजमान म्हणून खेळला. तीनही सामने गमावले, पण कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने हेडरने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा पहिला गोल ठरला. वयोगटाच्या स्पर्धांचा वरिष्ठ संघाच्या क्रमवारीशी संबंध नसतो.

८. पात्रता फेरीत सर्वात जवळ कधी पोचलो होतो?

भारत पात्रता फेरीत पहिल्यांदा प्रत्यक्ष मैदानात उतरला तो १९८६ च्या विश्वचषकासाठी. तेव्हापासून आजतागायत आशियातल्या अंतिम टप्प्यात आपण एकदाही गेलेलो नाही.

चटका लावणाऱ्या आठवणी दोन. पहिली २००२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. भारताने बंगळूरला संयुक्त अरब अमिरातीला १-० हरवले, एकूण ११ गुण मिळवले, आणि अमिरात १२ गुणांनी पुढे गेली. एका गुणाचा फरक.

दुसरी २०२६ च्या पात्रता फेरीची. गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान. पहिले दोन संघ पुढे जाणार होते. सुरुवात कुवेतमध्ये १-० विजयाने झाली. त्यानंतर अफगाणिस्तानशी सौदी अरेबियातल्या आभाला ०-०, गुवाहाटीला १-२. ६ जून २०२४ ला कोलकात्यात सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतशी ०-० सुटला. शेवटी दोहामध्ये भारत १-० पुढे असताना कतारने केलेला बरोबरीचा गोल आजही वादात आहे, कारण चेंडू रेषेबाहेर गेला होता आणि तो परत ओढून गोल केला गेला. सामना १-२ ने गेला. भारत ५ गुणांवर राहिला, कुवेत ७ गुणांनी पुढे गेले. दोहाच्या गोलावर संताप येणे स्वाभाविक आहे, मलाही येतो. पण पात्रता हातची गेली ती अफगाणिस्तानविरुद्धच्या दोन सामन्यांत, जिथे सहापैकी एकच गुण मिळाला.

९. ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला होता. म्हणजे तेव्हा जगात चौथा होता का?

नाही, आणि हे सांगितल्याने त्या संघाचा मान कमी होत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फक्त अकरा संघ होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. मग यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिलचाच, पण सामना १-४ ने गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवले.

म्हणजे तीन सामने, एक विजय आणि चौथे स्थान. शिवाय ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूच खेळू शकत, त्यामुळे इंग्लंड, इटलीसारख्या देशांचे व्यावसायिक खेळाडू तिथे नव्हते. तरीही पूर्व युरोपच्या पूर्ण ताकदीच्या संघांसमोर आपण उभे होतो. १९६० मध्ये रोमला हंगेरीकडून १-२ हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३ हार. माझ्या मते रोमचे हे निकाल मेलबर्नच्या चौथ्या स्थानाइतकेच मोलाचे आहेत. तक्त्यात मात्र तिथे गटात शेवटचे स्थान दिसते. त्यानंतर भारतीय संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही.

१०. आशियाई क्रीडा स्पर्धा आणि आशियाई चषक एकच आहेत का? दोन्हींतली कामगिरी काय?

वेगवेगळ्या आहेत, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. आशियाई क्रीडा स्पर्धा म्हणजे एशियाड, ज्यात फुटबॉल हा अनेक खेळांपैकी एक. आशियाई चषक ही फक्त फुटबॉलची, आशियाई महासंघाची मुख्य स्पर्धा.

एशियाडमध्ये भारताने दोन सुवर्णपदके जिंकली. १९५१ मध्ये दिल्लीत इराणला १-० हरवून, गोल मेवालालचा. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून. त्या स्पर्धेतला पहिलाच सामना आपण याच कोरियाकडून ०-२ हरलो होतो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला बचावातून काढून पुढे आक्रमणात खेळवले, आणि विजयातला एक गोल जर्नेलने केला. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. १९७० ला बँकॉकमध्ये जपानला हरवून कांस्य मिळाले. २००२ पासून एशियाडचे फुटबॉल २३ वर्षांखालील संघांचे झाले, त्यामुळे त्यातले निकाल आता वरिष्ठ संघाच्या क्रमवारीत धरले जात नाहीत.

आशियाई चषकात भारत पाच वेळा खेळला: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ ची, प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये झालेली स्पर्धा. १९६४ ला उपविजेता. तेव्हा मुख्य स्पर्धेत चारच संघ होते, अंतिम सामना नव्हता, सगळे सगळ्यांशी खेळले. भारताने दक्षिण कोरिया आणि हाँगकाँगला हरवले, इस्रायलकडून ०-२ हरला. नंतरच्या चारही वेळा गटातच बाहेर. १९८४ आणि २०२३ या दोन स्पर्धांत तर एक गोलही झाला नाही.

२०१९ चे मात्र दुःख वेगळे. अबुधाबीत थायलंडला ४-१ हरवले, १९६४ नंतरचा या स्पर्धेतला पहिला विजय. मग अमिरातीकडून ०-२. शेवटच्या सामन्यात बहरीनशी नुसती बरोबरी पुरेशी होती. नव्वद मिनिटे ०-० निघाली, आणि भरपाई वेळेत भारताच्या पेनल्टी क्षेत्रातल्या फाउलवर बहरीनला पेनल्टी मिळाली. तक्ता असा लागला: अमिरात ५, थायलंड ४, बहरीन ४, भारत ३. बरोबरी झाली असती तर भारत आणि थायलंड दोघेही ४ गुणांवर राहिले असते, आपसातला सामना आपण जिंकलेला असल्याने भारत दुसरा आला असता. एका फाउलने दुसऱ्या स्थानावरून चौथ्या स्थानावर आणले.

११. २०२७ च्या आशियाई चषकाला भारत का नाही? दोन सामने बाकी असताना बाहेर कसे पडलो?

गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. फक्त पहिला संघ पात्र ठरणार. भारताचे पहिले चार निकाल: बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, सिंगापूरशी तिथे १-१, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावला सिंगापूरकडून १-२.

त्या रात्रीचा हिशेब असा होता. हाँगकाँग ८, सिंगापूर ८, बांगलादेश २, भारत २. उरलेले दोन्ही सामने जिंकले असते तरी आपले जास्तीत जास्त ८ गुण झाले असते. पण हाँगकाँग आणि सिंगापूरचा आपसातला एक सामना बाकी होता. त्यात काहीही निकाल लागला तरी किमान एक संघ ९ गुणांवर जाणारच होता, त्यामुळे पहिले स्थान गणितातूनच संपले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही ०-१ हार झाली. पहिल्या पॉटमधून आलेल्या संघाची ही अवस्था कोणत्याही क्रमांकापेक्षा जास्त बोलते.

१२. दोन संघांचे गुण सारखे असतील तर आधी गोलफरक बघतात की आपसातला सामना?

स्पर्धेनुसार वेगळे. आशियाई चषकात आधी आपसातला सामना बघतात. २०१९ च्याच गटात थायलंडचा गोलफरक उणे २ होता आणि बहरीनचा शून्य, तरी थायलंड दुसरा आला, कारण त्याने बहरीनला १-० हरवले होते. २०२६ विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीत मात्र आधी गोलफरक बघायचा नियम होता. तक्ता वाचण्याआधी त्या स्पर्धेचा नियम बघावा, नाहीतर चुकीचे गणित मांडून रात्र जागवली जाते.

१३. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, भारताने किती वेळा जिंकली? मग क्रमवारी का वाढत नाही?

नऊ वेळा: १९९३, १९९७, १९९९, २००५, २००९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२३. दक्षिण आशियात इतके यश कोणालाच मिळालेले नाही. पण विभागीय स्पर्धांचे सामने क्रमवारीत मैत्रीपूर्ण सामन्यांच्या वजनाने मोजले जातात आणि समोरचे संघ बहुतेक आपल्या खालचे असतात. त्यामुळे जिंकल्यावर मिळते थोडे, हरल्यावर जाते जास्त. हिशेब प्रश्न ३ मध्ये आहे.

१४. कुवेत सॅफमध्ये आणि भारत मध्य आशियाच्या स्पर्धेत कसा?

पाहुणे म्हणून. २०२३ च्या बंगळूरच्या सॅफला कुवेत आणि लेबनॉन यांना बोलावले होते, त्यामुळे स्पर्धेची पातळी वाढली. तसाच २०२५ मध्ये भारत मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स चषकात खेळला. खालिद जमील यांची भारताचे प्रशिक्षक म्हणून ती पहिलीच स्पर्धा. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवले, इराणकडून ०-३ हार, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या स्थानासाठी ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवले. अशा निमंत्रणांचे मी मनापासून स्वागत करतो.

१५. पेनल्टीवर जिंकलेला सामना नोंदीत विजय धरतात का?

नाही. नोंदीत तो बरोबरीचा सामना. क्रमवारीच्या हिशेबात मात्र शूटआऊट जिंकणाऱ्याला पूर्ण विजयाच्या ऐवजी पाऊण आणि हरणाऱ्याला अर्धा निकाल मिळतो.

यातून गमतीशीर चित्र तयार होते. २०२३ च्या सॅफमध्ये भारताने पाकिस्तानला ४-० आणि नेपाळला २-० हरवले, कुवेतशी १-१ केली. उपांत्य सामन्यात लेबनॉनशी ०-० नंतर शूटआऊट जिंकले. अंतिम सामन्यात पुन्हा कुवेतशी १-१ नंतर शूटआऊट ५-४. म्हणजे विजेत्या भारताच्या खात्यावर पाच सामन्यांत दोनच विजय आणि तीन बरोबरी.

१६. नेहरू चषक, इंटरकॉन्टिनेंटल चषक यांना काय किंमत?

दोन्ही भारतीय महासंघाने भरवलेल्या निमंत्रितांच्या स्पर्धा. नेहरू चषक २००७, २००९ आणि २०१२ ला, इंटरकॉन्टिनेंटल २०१८ ला मुंबईत आणि २०२३ ला भुवनेश्वरला जिंकला. आनंद खरा, पण त्यातून पुढच्या स्पर्धेचे दार उघडत नाही. याउलट २००८ चा एएफसी, म्हणजे आशियाई महासंघाचा, चॅलेंज चषक. दिल्लीच्या अंतिम सामन्यात छेत्रीच्या तीन गोलांच्या जोरावर ताजिकिस्तानला ४-१ हरवले आणि त्या विजयाने २०११ च्या आशियाई चषकाचे थेट तिकीट दिले. तब्बल २७ वर्षांनी.

१७. २०२२ मध्ये फिफाने भारतावर बंदी घातली तेव्हा गुण कापले का?

नाही. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप या कारणाने ऑगस्टच्या मध्यावर निलंबन झाले आणि २६ ऑगस्टला उठले. त्या दिवसांत वरिष्ठ पुरुष संघाचा सामना नव्हता, त्यामुळे क्रमवारीवर परिणाम नाही. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही ऑक्टोबरमध्ये ठरल्याप्रमाणे भारतातच झाला.

१८. महिला संघाची स्थिती पुरुषांपेक्षा चांगली आहे का?

आशियाई चषकाच्या इतिहासात हो. महिला संघ या स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला, कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला. सॅफचे विजेतेपद २०१० ते २०१९ मध्ये सलग पाच वेळा. नंतरच्या दोन्ही स्पर्धा बांगलादेशाच्या मुलींनी जिंकल्या. जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवून संघाने २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोचण्याची ही पहिलीच वेळ. पुरुष संघ मागे सरकत असताना हे घडले, आणि याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

महिलांची क्रमवारी फिफा वेगळी काढते, २००३ पासून. दोन्ही संघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण देशांची संख्या वेगळी आणि मोजण्याची रीतही वेगळी.

१९. २०२२ च्या महिला आशियाई चषकात भारताने इराणशी बरोबरी केली होती. मग तक्त्यात तो गुण का दिसत नाही?

कारण तो सामना गटाच्या हिशेबातून रद्द झाला. ही स्पर्धा महाराष्ट्रात होती, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारत-इराण ०-० सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता, पण संघात कोरोना पसरला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियमावलीनुसार याचा अर्थ माघार. आणि माघार घेतलेल्या संघाचे आधी झालेले सामनेही बाद धरले जातात, त्यामुळे इराणचाही तो गुण गेला. हीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी होती, म्हणून यजमान भारताची ती वाटही तिथेच बंद झाली. अंतिम तक्त्यात भारतापुढे शेवटचा क्रमांक नाही, माघार अशी नोंद आहे.